तुर्की मालिकेतला चौथा खून

आज दुपारी लेकीसोबत तुर्की मालिका बघत होते. एकाच भागात चौथा खून झाला आणि माझी नजर आपसूक घड्याळाकडे गेली.

जुनी सवय! ऐंशीच्या दशकात मी कुवेतमध्ये कॅज्युअल्टीत नर्स होते. पेशंट गेला की आधी वेळ लिहायची.

तिथल्याच जहरा गावचा एक ड्रायव्हर आठवला. भांडणात चाकू लागून गेला. वेळ लिहून मी त्याचे कपडे पिशवीत भरले, बाहेर त्याच्या भावाच्या हातात दिले. पिशवीत बघून तो एवढंच म्हणाला, "सिस्टर, ये शर्ट कल ही लिया था."

"आई, चहा टाकू?" लेकीने विचारलं. पडद्यावर प्रेत तसंच पडलेलं.

मी म्हटलं, "टाक."

तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय. पडद्यावर माणूस मेला की तुमच्या घरीही चहाच टाकतात का हो?