कवेलूचा पुरावा

उभ्या भंडारा जिल्ह्यात सरकारवर आमच्या मोठ्या गुरुजींइतका भाबडा विश्वास ठेवणारा दुसरा माणूस झाला नाही, आणि त्याच सरकारवर सहा वर्षं खटला चालवणाराही. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लाखनीपासून बरंच आत, तळ्याकाठी आमचं गाव. चौथीपर्यंत शाळा सरकारी; पाचवी ते सातवी गावानंच चालवलेली, अनुदानाविना, कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, एका गळक्या खोलीत. मी तिथला धाकटा मास्तर. पावसाळ्यात गुरुजी एका हातात छत्री धरून हजेरी घेत, आणि फळ्यावर ओघळ उतरला की "ही पाहा वैनगंगा" म्हणून भूगोल सुरू करत.

अनुदानाच्या खटल्याची तारीख आली की ठेवणीतला कोट चढवून, पिशवीत शाळेचं एक फुटकं कवेलू घेऊन ते नागपूरची एस.टी. पकडत. कंडक्टरला बजावत, "पुरावा होय तो. धक्का लावू नको." वकील कपाळाला हात लावी. कोर्टात ते कवेलू कधी पिशवीबाहेर निघालंच नाही, नवी तारीख तेवढी निघे. पण यांचं एकच पालुपद, "हायवेवरच्या गावची पोरं कोरडी अन् आमची ओली, हे कोन्त्या कायद्यात बसते, सांग बरं?" कायदा मला काय डोंबल कळणार! अनुदान मिळालं नाही, तर पाचवी बंद आणि अकरा पोरींची शाळा चौथीतच संपणार, एवढं मला कळत होतं. ट्रकांच्या रस्त्यानं लाखनीला त्यांना कोण धाडणार होतं?

शेवटी कोर्टानं शाळेची पाहणी करायला एक साहेब नेमला. गुरुजी हरखून गेले. "आता डोळ्यानंच पाहीन ना तो!" म्हणत साहेबाला आणायला नागपूरला गेले. इकडे सरपंच हादरले. "पावना येऊन रायला अन् भिताडं अशी? गावाची इज्जत जाईन ना, मास्तर!" झालं. लोकांनी आपापल्या घरांची कवेलू उतरवून शाळेवर चढवली. तळ्यावरच्या ढिवरांनी जाळी ठेवून भिंती लिंपल्या. चुना मी कालवला. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे.

साहेब आले, मासळीचा रस्सा ओरपून जेवले, "शाळा झकास ठेवली हो" म्हणाले आणि तसंच लिहून नेलं. गुरुजींनी पिशवीतून कवेलू काढून पुढं केलं, तर ते हसले. "हे तुमचं नाही, गुरुजी. तुमचं छत तर अख्खं आहे." गाव समोर हात जोडून उभं होतं; त्याला खोटं पाडणं गुरुजींच्यानं झालं नाही.

दावा फेटाळला गेला. पाचवी बंद पडली. लोक आपापली कवेलू परत घेऊन गेले. मला वाटलं, गुरुजी आता गाव डोक्यावर घेतील. पण ते ओल्या बाकावर बसून एवढंच म्हणाले, "पावन्याचा मान केला त्यायनं. हा पावना नोहे, हे मीच सांगाले विसरलो."

गुरुजी गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर त्या अकरांतली एखादी भेटते, चिखलाचे हात जोडून "नमस्कार जी, मास्तर" म्हणते. तिच्याकडं मान वर करून बघणं मला अजून जमत नाही. चुना मीच कालवला होता.