शनिवारपर्यंत बघायचं नाही

अमेरिकेतले रात्री उशिराचे टीव्ही शो मी भर दुपारी बघतो. तिकडे मध्यरात्र होत आलेली असते तेव्हा सिंगापूरमध्ये जेवणाची वेळ झालेली असते. शोच्या शेवटी वाजवणाऱ्या बँडचं गाणं वेगळं काढून इंटरनेटवर येईपर्यंत मी ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, हातात ट्रे घेऊन जागा शोधत असतो. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा हेच शो केबलवर कितीतरी आठवडे शिळे होऊन यायचे. घरातले झोपलेले असायचे, त्यामुळे आवाज इतका कमी ठेवायचो की ड्रम नुसते दिसायचे.

त्या शोमधले विनोद मला तेव्हा कळायचे नाहीत, आताही फारसे कळत नाहीत. मी थांबायचो शेवटच्या पाच मिनिटांसाठी. निवेदक टेबलावरची सीडी उचलून कॅमेऱ्यासमोर धरतो, बँडचं नाव घेतो आणि इतका वेळ अंधारात उभी असलेली माणसं एकदम उजेडात येतात. एकच गाणं. चुकलं तर चुकलं. मग निवेदक लगबगीने चालत येतो, सगळ्यांशी हात मिळवतो, ड्रमवाल्याशी सर्वांत शेवटी, झांजांवरून वाकून. मोठ्या मैदानातल्या कार्यक्रमांचं मला कधीच आकर्षण नव्हतं. तिथे गर्दी सांभाळून घेते. इथे खुर्चीवर बसलेले थोडे प्रेक्षक, खूप थंड स्टुडिओ, आणि तीन-चार मिनिटांत काय ते करून दाखवायचं.

काही गाणी डोक्यातून जात नाहीत. एक म्हातारा गायक दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरला होता. बँड तेच चार ठोके परत परत वाजवत राहिला, कोणी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि शब्द आठवल्यावर तो लहान मुलासारखा हसला. एका ड्रमरचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याने एका हाताने सगळं गाणं वाजवलं आणि जिथे दुसऱ्या हाताचा ठोका हवा तिथे मान झटकली. ही गाणी मी मुलाला दाखवली तेव्हा तो प्रायमरीत होता. शनिवारी दुपारी, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, वरणभाताची ताटं मांडीवर घेऊन. बायकोला टीव्हीसमोर जेवलेलं आवडत नाही, पण शनिवार तिने सोडून दिला होता.

हळूहळू त्याचा रिवाज झाला. आठवडाभर कोणते बँड कोणत्या शोवर येऊन गेले ते दोघांना माहीत असायचं, पण बघायचं शनिवारी, एकत्र. एकट्याने बघायचं नाही. हा नियम त्यानेच घातला होता, सात-आठ वर्षांचा असताना, कारण मी एकदा ऑफिसमध्ये बघून आलो होतो आणि त्याला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. पुढे तो बेस गिटार शिकला, शाळेतल्या मित्रांबरोबर बँड केला, केस खांद्यापर्यंत वाढवले. बँडपायी त्याचे गणिताचे मार्क उतरले तरी आमचा शनिवार राहिला.

या वर्षी तो एनएसला गेला. इथल्या मुलग्यांना दोन वर्षं सक्तीने सैन्यात काढावी लागतात, आणि आईवडिलांनी पीआर म्हणजे कायमचं रहिवासीपण घेताना ज्यांना सोबत घेतलं त्या मुलांनाही. मला स्वतःला जावं लागलं नाही. पीआर घेणाऱ्या बापाला सूट असते, त्याच्या मुलाला नसते. हा नियम मला अर्ज करतानाच माहीत होता. तेव्हा तो पहिलीत होता आणि त्याचं अठरावं वर्ष फार लांब वाटत होतं. पीआर मिळालं म्हणून हा फ्लॅट घेता आला, नोकरी गेली तर महिन्याभरात गाशा गुंडाळायची भीती गेली. त्या बदल्यात काय द्यायचं होतं ते मी अर्जावरच्या एका सोप्या खुणेने देऊन टाकलं होतं, त्याच्या वतीने.

त्याला सोडायला गेलो त्या दिवशी फेरीबोटीने आम्हाला सगळ्यांना सैन्याच्या प्रशिक्षणाच्या बेटावर नेलं, जेवण दिलं, खोल्या दाखवल्या. नंतर फोटोत त्याचं डोकं दिसलं. केस गेल्यावर कान माझ्या वडिलांसारखे आहेत हे पहिल्यांदा कळलं.

सुरुवातीचे काही दिवस घरी सोडत नाहीत. संध्याकाळी थोडा वेळ फोन हातात मिळतो, तेव्हा तो बोलायचा.

"जेवलास?"

"हं."

"झोप लागते?"

"फाइन लाह, बाबा," इथल्या मुलांसारखं शेपूट लावून.

मी सगळ्या प्रश्नांची तयारी करून बसायचो आणि दोन उत्तरांत फोन संपायचा. बायको म्हणायची, "चौकशी काय करतोस इन्स्पेक्टरसारखी? त्याला गाण्याचं विचार ना." मग एका संध्याकाळी त्यानेच विषय काढला. आम्हा दोघांचा आवडता बँड बऱ्याच वर्षांपूर्वी मोडला होता. ते चौघं परत एकत्र येऊन त्या आठवड्यात शोवर वाजवणार होते. त्याच शनिवारी त्याला पहिल्यांदा घरी सोडणार होते.

"बाबा, बघू नकोस हं. शनिवारपर्यंत बघायचं नाही."

"वेडा आहेस का, मी कशाला बघू?"

गाणं आमच्या शुक्रवारी दुपारी आलं. मी हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली, चिकन राइस घेऊन आलो आणि फोन त्याच पाकिटाला टेकवून उभा केला. उद्या दुपारी तो येणार होता. चोवीस तासही राहिले नव्हते. राहवलं नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्या आठवड्यात मला कुठेच बसून राहता येत नव्हतं. मीटिंगमध्ये पाय हलत होते, एलआरटीच्या छोट्या ट्रेनमधून एक स्टॉप आधी उतरून चालत घरी जात होतो. मला भीती होती की तो येईल, आणि त्याला हे नकोच असेल. तो झोपेल, नाहीतर तिथल्या नव्या मित्रांबरोबर बाहेर जाईल, आणि मी टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलेला असेन. आधीच बघून टाकलं तर तेवढं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. मी बटण दाबलं.

चौघंही वयस्क झाले होते. दुसऱ्या कडव्यात गायकाच्या गिटारची तार तुटली. त्याने ती गळ्यातून काढून खाली ठेवली, मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना, मग त्याने ते खिशात घातले आणि गात राहिला. तेवढ्यात बेसवाला, जो इतकी वर्षं मागे उभा राहिला होता, दोन पावलं पुढे आला आणि अख्खं गाणं त्याने एकट्याने उचललं. मी चमचा हातात धरून बसलो होतो. समोर ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आँटीने विचारलं, "अंकल, फिनिश ऑर नॉट?" मी मान हलवली आणि तसाच उठलो. भात अर्धा राहिला होता.

हे त्याचं होतं. ते दोन पावलं पुढे येणं माझ्या मुलासाठी होतं, आणि मी ते आधी खाऊन बसलो.

शनिवारी तो आला. मानेपर्यंत रापलेला, त्याखाली गोरा, हिरव्या पिशवीसकट. आईला मिठी मारली, मला "हाय" म्हणाला, आणि मला वाटलं तसं काहीच केलं नाही. ना झोपला, ना बाहेर गेला. आंघोळ करून थेट सोफ्यावर बसला.

"लाव ना, बाबा. मी पूर्ण वीक फोनवर काही ओपन केलं नाही. बंकमध्ये शेजारच्या बेडवरचा एक जण दाखवत होता, मी कान बंद केले."

त्याने ताट मांडीवर घेतलं तेव्हा मी त्याचा तळवा बघितला. बेसच्या तारांनी बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे गेले होते, नवे घट्टे तळव्यावर आले होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गाणं लावलं.

पहिल्या कडव्याला मी योग्य तेवढं हसलो. "म्हातारे झाले रे," असंही म्हणालो, जसं काही पहिल्यांदाच बघतोय. दुसरं कडवं सुरू झालं. आणि तार तुटायच्या आधीच माझी नजर टीव्हीवरून निघून त्याच्या चेहऱ्यावर गेली. बेसवाला पुढे येईल तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. तेवढंच हवं होतं मला.

त्याला ते जाणवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. त्याच क्षणी तार तुटली. त्याने रिमोट घेऊन गाणं थांबवलं.

"यू ऑलरेडी वॉच."

"नाही रे—"

"ब्लफ नको करू, बाबा. तू माझ्याकडे आधी बघितलंस."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "काल दुपारी. चिकन राइस खाताना."

"बघितलंस ते ओके. मग आत्ता ॲक्टिंग कशाला?"

तो ताटाकडे बघत बोलत होता, आवाज न चढवता. "तू ऑलवेज असंच करतोस. आधी सगळं करून टाकतोस, मग मला विचारतोस, तुला काय वाटतं. मी सेव्हन होतो, तू मला स्विमिंग पूलवर नेलंस आणि विचारलंस, इथेच राहायचं का कायमचं. मी म्हटलं, ओके, पूल असेल तर. मी मम्मीला नंतर विचारलं. तू विचारलंस तेव्हा फॉर्म गेला होता ऑलरेडी."

"तुला एनएस—"

"मी एनएसबद्दल बोलत नाहीये."

ताट तसंच ठेवून तो खोलीत गेला. दार आपटलं नाही, नीट लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. टीव्हीवर तो गायक तुटलेली तार हातात धरून थांबला होता.

"चहा उकळेपर्यंत धीर नसतो तुला," बायको म्हणाली. "तो बेटावर कान बंद करून बसला आणि तू कोंबडी खात बघितलंस." मग तिने माझं ताटही उचललं. "आणि आता त्याच्या दाराशी जाऊन उभा राहू नकोस. माफी मागायला गेलास की त्यालाच तुझी समजूत काढावी लागते."

हे तिने इतकं सहज म्हटलं, जणू घरात सगळ्यांना माहीतच आहे. मी दाराशी गेलो नाही. खाली उतरलो, कालव्याच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सायकलवरची लहान मुलं घंटी वाजवून मला बाजूला करत होती.

रविवारी दुपारी तो परत जायला तयार झाला. बूट पॉलिश केलेले, पिशवी दाराशी. बायको डब्यात चकल्या भरत होती. तो सोफ्यावर बसला आणि त्याने गाणं सुरुवातीपासून लावलं. मी उभाच होतो. बसू की नको ते कळत नव्हतं.

"बस ना. पण काही बोलू नको."

मी बसलो आणि टीव्हीकडेच बघत राहिलो. तार तुटली, हात खिशात गेले, बेसवाला दोन पावलं पुढे आला. माझी मान ताठ धरून दुखायला लागली होती. बाजूने फक्त "वाह्" एवढं ऐकू आलं, इथल्या पद्धतीने लांबवलेलं. त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला माहीत नाही. निवेदक आला, सगळ्यांशी हात मिळवून गेला.

बुटाच्या नाड्या बांधताना तो खाली बघत म्हणाला, "नेक्स्ट टाइम थांबता नाही आलं तर मला मेसेज कर. आधी. मी रागावेन. पण कर."

"तुझ्याकडे फोन नसतो दुपारी."

"सो?"

मंगळवारी दुपारी एका नव्या बँडचं गाणं आलं. तीन मुली आणि एक मुलगा, नाव दोघांच्याही यादीत होतं. मी टिश्यूच्या पाकिटाला फोन टेकवला, मग परत हातात घेतला. शनिवार अजून लांब होता, आणि त्या दिवशी सकाळपासून पुन्हा पाय हलत होते. लिहिलं, "गाणं आलंय. मला बघावंसं वाटतंय. अजून बघितलेलं नाही." दोनदा खोडलं, त्यात माफीसारखं काहीतरी येत होतं ते काढलं, आणि पाठवलं.

एकच टिक आली. तो संध्याकाळपर्यंत काही वाचणार नव्हता. मी फोन उपडा ठेवला आणि जेवायला लागलो. मध्ये एकदा उचलून बघितलं. अजून एकच होती.