काळ्या पट्ट्यांचे पाच राग

माझ्या आत्याची जीभ एकदा सुटली की आवरत नसे. घाटकोपरच्या स्थळाकडे जाऊन ती खुशाल सांगून आली, "आमच्या चेडवाक पेटयेर पाच राग येतत." माझ्या ताईला येत होता एकच. भूप. तोसुद्धा पेटीच्या कृपेने, कारण मुलुंडच्या आमच्या दमट खोलीत पांढऱ्या पट्ट्या कधीच्या अडकून बसल्या होत्या आणि भूप नुसत्या काळ्या पट्ट्यांवर वाजतो.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण हा मुलगा ताईला मनापासून आवडला होता. एका लग्नाच्या पंगतीत त्याने तिच्या साडीवर मठ्ठा सांडला होता आणि तिच्यापेक्षा तोच जास्त लाजला होता. होकार मात्र त्याच्या काकांच्या हातात, आणि काका म्हणे गाण्यातले दर्दी. खोटं पकडलं गेलं तर स्थळ हातचं जाणार.

"वाट लागली," ताई म्हणाली आणि नाक पुसत भूप वाजवायला बसली.

मी सूरपेटीवर होते. सूरपेटी एकच सूर धरून ठेवते. तिचा भाता हलवत राहायचा, एवढंच माझं काम. रडवेली ताई मला बघवेना, म्हणून खोडी काढायला मी सूरपेटीचा सा काळी तीनवरून काळी पाचवर नेला. ताईची बोटं तीच, पट्ट्या त्याच, पण खोलीत भलतंच काहीतरी वाजायला लागलं.

ताई थांबली. रेडिओ ऐकून ऐकून तिला राग ओळखू येत. "अगं, हा मालकंस आहे," ती म्हणाली.

जणू घरात माणसं तीच, फक्त कर्ता बदलला होता. मला चेवच आला. काळी एकचा सा धरला तर दुर्गा झाला, काळी दोनचा धरला तर धानी, काळी चारचा धरला तर मधमाद सारंग. काळ्या पट्ट्या पाच आणि राग पाच. आत्याच्या तोंडून चुकून खरं निघालं होतं.

अर्थात नुसता सा हलवून भागेना. ताई सवयीने भूपाच्याच मुक्कामावर येऊन टेकायची आणि मालकंसाचं सोंग उघडं पडायचं. म्हणून ठरलं की मी डोळ्यांनी दाखवीन त्या पट्टीवर येऊन थांबायचं आणि तेच आपलं घर समजायचं. ताईने जेवणखाण विसरून ते घोटलं.

बघायला आले त्या संध्याकाळी काकांनी भूपाला मान डोलावली, मालकंसाला डोळे मिटले, दुर्गाला मांडीवर ताल धरला, धानीला नुसते "वा" म्हणाले. "सारंग दुपारचा," एवढंच काय ते कुरकुरले. मुलगा मात्र ताईला सोडून माझ्या हातांकडे बघत होता. मला चीडच आली. बघायला आला होता ताईला, मला नव्हे.

"झकास. आता भैरवीने शेवट करा," काका म्हणाले.

मैफल भैरवीने संपवायची, ही रीत आम्हीच विसरलो होतो. भैरवीला सात सूर लागतात आणि आमच्याकडे होते पाच. मी कितीही भाता हलवला तरी उरलेले दोन कुठून आणणार? ताईचा हात पेटीवर तसाच राहिला. आत्या उगाच पदर सारखा करू लागली. मला खरोखर रडू येत होतं.

"भैरवी नको, काका," मुलगा म्हणाला. "ती झाली की मैफल संपते. मला संपवायची नाहीये."

काकांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई मान खाली घालून हसत होती. काकांनी पेढ्याकडे हात नेला आणि आत्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

निघताना चपला घालत तो माझ्याजवळ वाकला. "पेटीवर एकच राग होता ना गं?"

"काकांना सांगणार?"

"सांगेन की. लग्न झाल्यावर."

ताईच्या पांढऱ्या पट्ट्या नंतर दुरुस्त झाल्या. तिला आता बरेच राग येतात, चांगले येतात. भैरवी तेवढी येत नाही. भाऊजी शिकूच देत नाहीत.