अणशीच्या रानातला हित्ती देव

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. आता टाळून भागत नाही. परवा गणेशगुडीचा एक गाईड माझ्यासमोरच पाहुण्यांना सांगत होता, "हा तुर्कस्तानचा देव, हित्ती लोकांचा." मी म्हटलं, "अहो, नाही तो!" तर हसून म्हणाला, "काका, एका मोठ्या मास्तरांनी शोधलाय." तो मास्तर मीच. डोकंच फिरलं माझं.

रामनगरला मी इतिहास शिकवायचो आणि घरी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या या हित्तींबद्दल मिळेल ते वाचायचो. त्यांच्या शिल्पांत देव जनावराच्या पाठीवर उभे असतात. रानाचा रक्षक देव शिंगवाल्या हरणावर. अणशीजवळच्या देवराईतल्या दगडावर मला तसाच देव दिसला. पायाखालच्या जनावराला शिंगं होती. झालं! साप्ताहिकात लेख लिहिला, भाषणं ठोकली.

त्या देवाचे पुजारी अण्णा, माझ्याहून वयाने मोठे. पेरणीआधी माणसं त्यांच्याकडून कौल लावून घ्यायची. दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली की देवाचा होकार. माझा लेख आला आणि एका बाईने अण्णांना विचारलं, "तुर्काच्या देवाला आमचं गाऱ्हाणं कसं कळंल, अण्णा?"

"आजवर तुझ्या म्हशीचं कळत हुतं न्हवं?" अण्णा म्हणाले.

सगळे हसले. पण कौलाला येणं हळूहळू बंद झालं.

वैताग याचा की परका म्हणून देव टाकणं हित्तींनी कधीच केलं नसतं. शेजाऱ्यांचे देव ते आपले मानत, आणि ज्या देवाची जी भाषा तिच्यातच त्याला आळवत. साथ आली की कुठला देव कशाने रुसला, हे तेही कौल लावूनच विचारत. हे सगळं लेखात होतं! वाचतो कोण? मथळा वाचून सगळे शहाणे झाले.

पण खरा राग माझा मलाच येतो. पुढच्या वर्षी अण्णांनी दगडावरचं तेल-शेंदराचं जुनं कवच खरवडलं. मी शेजारीच उभा होतो. कवचाबरोबर शिंगंही गळून पडली; तीही साठलेल्या शेंदराचीच होती. खाली आखूड कान आणि अंगावर कोरलेले पट्टे.

"मास्तर, ह्यो तर वाघ! आमचा आज्जा म्हणायचाच. सांगा की गावाला. माझं न्हाई, तुमचं आयकत्यात. लोकं परत येतील."

मी म्हणालो, "दगड झिजलाय हो, अण्णा. ठाम काही सांगता येत नाही." पुढच्याच आठवड्यात कारवारला याच हित्ती देवावर माझं भाषण होतं.

अण्णा काही वर्षं त्या दगडापाशी एकटेच बसले, मग कॅसलरॉकला लेकीकडे गेले. मी एकदा त्यांना भेटायला म्हणून तिथे उतरलो आणि फलाटावरूनच मागे फिरलो. पुन्हा गेलो तोवर अण्णा राहिले नव्हते.

बोलायचं होतं ते एवढंच: अण्णा, तो वाघच होता. मी त्याच क्षणी ओळखला होता. तुमची माणसं माझ्यामुळे तुटली. मला माफ करा.