बादलीतली पाणलवंग

आमचे लालासाहेब म्हणजे फौजेतून रिटायर झालेले हवालदार. पाटाकडेच्या ओलीत उगवणारी पिवळ्या फुलांची पाणलवंग दिसली की उपटलीच. उसात तण म्हणजे त्यांच्या लेखी घुसखोर. बायको रंगूबाई मात्र भांगलताना त्या पिवळ्या फुलांना खुरपं लावायची नाही, म्हणून रोज भांडण.

यंदा रंगूबाईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. लालासाहेबांनी गुपचूप तिच्यासाठी ती फुलं तोडली, पण घरी येईपर्यंत पाकळ्या गळून हातात नुसते देठ उरले. दोनदा असंच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिखलासकट झाडच बादलीत आणून खाटेशी ठेवलं.

“आवं, तण कशाला घरात?” रंगूबाई हसली.

“गप बस. उपटायची तेवढी मला म्हाईत हाय. जगवायची कशी, ते सांग.”