मिस्त्रींच्या पिकअपची चॅसिस

कडूला ते नाव गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. गेटची बिजागरी तुटली म्हणून कुणी आलं, की तो आधी गेटकडे बघायचा, मग माणसाकडे, आणि विचारायचा, "लाथ घालून उघडता का?" बहुतेक वेळा ते खरं असायचं, म्हणून लोकांना जास्तच झोंबायचं. माझं टायरचं दुकान त्याच्या वेल्डिंगच्या शेडसमोर. त्याने तोंडावर काच ओढली की मला हायसं वाटायचं.

शेड त्याची नव्हती, सासऱ्यांची होती. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. कडूला काम शिकवलं त्यांनी, मुलगी दिली त्यांनीच, आणि ह्या दोन्ही गोष्टींचा पश्चात्ताप ते शेडच्या दारात बसून मोठ्याने करत. नजर अधू झाल्यापासून त्यांना वेल्डिंग जमत नव्हतं. जिभेचा पट्टा मात्र सुटलेलाच. सासऱ्या-जावयात विस्तव जात नव्हता. मधे मिस्त्रींची मुलगी, म्हणजे कडूची बायको. आम्ही तिला वहिनी म्हणतो. माल आणणं, तयार काम पोचवणं हे ती बघायचीच, वर ह्या दोघांचे निरोपही वाहायची.

"सांग तुझ्या नवऱ्याला, हा सांधा कच्चा राहिलाय."

"तुझ्या बाबांना म्हणावं, उन्हात बसलं की असं होतं."

दोघांमधलं अंतर हातभर.

वहिनी माल पोचवायला मिस्त्रींची जुनी पिकअप वापरायची. मिस्त्रींनी ती तरुणपणी भंगारातून उचलून उभी केली होती. एका दुपारी वहिनी खिडक्यांचे गज भरून निघाली आणि शेडबाहेरच्या गटाराच्या झाकणावरून मागचं चाक गेलं, तोच फाटकन आवाज झाला. मी टायर सोडून धावलो. केबिनच्या मागे गाडी मोडली होती. माल ठेवायचा मागचा हौदा खाली बसलेला, केबिनचं तोंड वर, आणि आत स्टिअरिंग घट्ट धरून वहिनी.

मिस्त्री जागेवरूनच ओरडले, "गेल्या वर्षी जावईबापूंनी हात लावला होता गाडीला! तेव्हाच म्हणालो होतो मी!"

"सायलेन्सरची पट्टी लावली होती फक्त!" कडू शेडमधून बाहेर आला. "गाडी सडलीय, ती सडलीय. द्या भंगारात."

"आधी ह्याला द्या भंगारात."

मागे वाहनांची रांग लागली, लोक हॉर्न वाजवू लागले. वहिनी दार लोटून खाली उतरली. तिच्या कपाळाला खोक पडली होती.

"मी आत होते," ती म्हणाली. "लागलं का, एवढं तरी विचारावंसं वाटलं का कुणाला?"

मी तिला पाणी दिलं. कपाळाला रुमाल दाबून ती म्हणाली, "गाडी इथेच दुरुस्त होईल. तुम्हीच करणार. आणि मीच चालवणार."

गाडी ढकलत आत घेतली. कडूने बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, हौद्याचे गंजून जाम झालेले बोल्ट ग्राइंडरने कापले. हौदा बाजूला घेतल्यावर चॅसिस उघडी पडली, म्हणजे ज्यावर सगळी गाडी उभी असते तो लोखंडी सांगाडा. कडू हातोडीने ठोकत निघाला. चांगल्या जागी ठण्ण आवाज यायचा. केबिनच्या मागे आला आणि आवाज बसला. तिथे कुणीतरी फार पूर्वी एक जाड पत्रा वेल्ड करून वर काळा रंग फासला होता. चॅसिस मोडली होती ती बरोबर त्या पत्र्याच्या कडेला. कडूने पत्रा छिन्नीने उचकटला. आतून गंजाचे पापुद्रे भसाभस खाली पडले. आधीचा गंज न काढताच वरून ठिगळ मारलं होतं, आणि ठिगळाच्या आत पाणी साठत गेलं होतं.

तिथे थांबला असता तर तो कडू कसला. त्याने मला हाक मारली, शेजारच्या सुताराला बोलावलं, रस्त्यावरच्या दोघांना आत घेतलं.

"या, बघा. आणि विचार गं तुझ्या बाबांना, ही कारागिरी कुणाची?"

मिस्त्री काठी टेकत आले. दिसत नव्हतं, म्हणून वेल्डिंगच्या जुन्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत. आपल्या हाताचं काम माणसाला बोटालाही कळतं. त्यांचा चेहरा पडला.

"तेव्हा पत्रा चांगला मिळत नव्हता," ते म्हणाले.

कडू हसला. वहिनी नाही हसली. मलाही ते हसू आवडलं नाही, पण मी तरी कुठे बोललो?

सडलेला भाग दोन्ही बाजूंनी कापून कडूने नवं चॅनेल, म्हणजे पन्हळीसारखं जाड लोखंड, बसवायला घेतलं. वहिनी वेल्डिंगचे आणखी रॉड आणायला गेली होती. गाडी जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यांवर तोललेली. मिस्त्री चॅसिसवरून हात फिरवत, हवेत बघत म्हणाले, "डावी बाजू बसलीय. वेल्डिंगआधी तिरकी मापं घ्यायला सांगा कुणीतरी."

मी रस्त्यापलीकडून ऐकलं, म्हणजे कडूने ऐकलंच. त्याने ग्राइंडर चालू केला. मग काच ओढून सगळा सांधा भरून टाकला.

वहिनी आली आणि हौदा चढवून बघितला, तर बोल्टची भोकं जुळेनात. केबिनचं डावं दार बंद होईना. मिस्त्री नुसते बसून होते, आणि त्यांच्या गप्प बसण्यातही आनंदाच्या उकळ्या फुटलेल्या दिसत होत्या.

"बोला ना आता!" कडूने हातोडी भिरकावली. ती पाण्याच्या पिंपावर आदळली आणि पिंप फुटलं.

"सांगितलं होतं मी."

"कुणाला? भिंतीला?"

वहिनीने रॉडचं पाकीट जमिनीवर टाकलं. "मी नव्हते तर तुम्हाला तोंडं नव्हती का? बाबा, ह्यांना गाडी वाकडी करू दिलीत तुम्ही. आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली, "ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. त्या गाडीत मी बसते. आजपासून तुमचे निरोप बंद. माझ्याकडे बघूही नका."

आणि ती खरंच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कडूने स्वतःचंच वेल्डिंग कापून काढलं. मिस्त्री ओळंबा घेऊन चॅसिसखाली सरकले. वजनाचं टोक कुठे टेकतं ते बोटाने चाचपत त्यांनी जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. मग सुरू झालं.

"डावीकडून उचल."

"किती?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

"किती म्हणजे?"

"थांब म्हटल्यावर थांबायचं, गाढवा!"

"गाढवसुद्धा टिकलं नसतं तुमच्याकडे!"

"गाढव होतास म्हणूनच टिकलास!"

ते असं दिवसभर चाललं. एकमेकांना पाण्यात बघत, शिव्या घालत, पण जॅक केसाएवढाही जास्त वळला नाही. एका बाजूला थोडं वेल्डिंग, मग दुसऱ्या बाजूला थोडं, म्हणजे तापून लोखंड ओढलं जाणार नाही. आतून गंजरोधक लाल रंग मारला. पाणी निघून जायला तळाशी भोक ठेवलं. ते कुणी सुचवलं, यावरूनही वाजलं. हौद्याचे बोल्ट मात्र हाताने आत गेले.

वहिनीने हौद्यात लोखंड भरून गाडी त्याच झाकणावरून मुद्दाम नेली, परत आणली.

मला वाटलं, आता निवळेल. कसचं काय. त्याच आठवड्यात कडूने आपलं वेल्डिंग मशीन हातगाडीवर घातलं.

"उद्यापासून येणार नाही."

"तुला बोलावलंय कुणी?"

रस्त्याच्या टोकाला त्याने स्वतःची शेड टाकली. वहिनी नवऱ्याच्या शेडमध्ये गेली नाही आणि बापाच्या शेडमध्येही राहिली नाही. पिकअपवर तिने आपला वाहतुकीचा धंदा सुरू केला. दोघांचा माल पोचवू लागली, सुताराचाही पोचवू लागली, आणि उशीर झाला तर तिघांनाही सारखंच फटकारू लागली. कपाळावरचा व्रण राहिलाय.

मिस्त्रींनी दुसरा वेल्डर ठेवला. तो टिकला नाही. आता शेड बंद असते आणि ते माझ्या दुकानातल्या बाकावर बसून माझ्या पंक्चरना नावं ठेवतात. काल मी सरळ सांगितलं, गप्प बसायचं असेल तर बसा. तरातरा उठून गेले. आज सकाळी आले, बाक कळकट आहे म्हणाले, आणि फडकं मागितलं.