रताळ्यातलं गाजर

रताळ्यात गाजराचं जनुक घातलंय, असं मी छातीठोकपणे सांगितलं तेव्हा मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे लिहिताना स्वतःची बाजू सावरायचा मोह मला होणार, हे मी ओळखून आहे.

मी वडूजजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. विचारलं की उत्तर देणारा माणूस, अशी गावात माझी ख्याती आहे. उत्तर बरोबर होतं का, हे कुणी पाहायला जात नाही, म्हणून ती टिकली.

थोरला भाऊ फौजेतून निवृत्त झाला आणि शिरवळच्या एका कारखान्यात गेटवर लागला. पंधरवड्यातून एकदा येतो. शेत वहिनी बघतात. वहिनींचं माहेर माणदेशातलं. लहानपणी त्यांना रातांधळेपणा होता. दिवेलागण झाली की त्या भिंतीला हात लावून चालायच्या आणि भावंडं मुद्दाम वाटेत घागर ठेवायची. पुढे नर्सबाईंनी औषध पाजलं आणि दिसायला लागलं. हे त्या हसत सांगतात, पण अजूनही संध्याकाळी खोलीत शिरताना त्यांचा हात आधी चौकटीला लागतो.

म्हणून बचत गटाच्या प्रशिक्षणात केशरी गराच्या रताळ्याबद्दल ऐकल्यावर त्या वेल घेऊनच परतल्या. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर, डोळ्याला चांगलं. विहिरीजवळच्या तुकड्यात त्यांनी ते लावले. त्यांचा हिशेब सरळ होता. महाशिवरात्रीला गावात प्रत्येक घरात रताळं शिजतंच, पोरंही आवडीने खातात. कुणाला नवीन काही खा म्हणायला नको. जे खातात तेच खायचं, फक्त रंग वेगळा. पोषण आहारावर मी जेवढी भाषणं ठोकली आहेत त्या सगळ्यांपेक्षा हा विचार शहाणा होता. आणि तो त्यांनी मला आधी सांगितला होता. म्हणजे मी अजाणतेपणी घात केला, असंही म्हणता येत नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी पाटीभर रताळी घेऊन महादेवाच्या देवळात आल्या. बायका तिथे झाडलोट करत होत्या. वहिनींनी एक उकडलेलं रताळं चिरून दाखवलं. आमची एक चुलती आहे, उपासतापासात तिचा शब्द गावात शेवटचा. तिने फोड हातात घेतली आणि माझ्याकडे वळली. मी तिथे का होतो? विजेची माळ लावायला. तीही मला लावता येत नव्हती.

"का रं मास्तर, ह्ये आतनं असं केशरी का?"

'माहीत नाही' हे दोनच शब्द होते. पण शिक्षकाच्या तोंडाला ते सहजासहजी येत नाहीत. शिवाय त्याच आठवड्यात मी शाळेत विज्ञान दिनाला 'जनुक बदललेली पिकं आणि जीवनसत्त्वांची कमतरता' या विषयावर बोललो होतो. मोबाइलवरून घेतलेली दोन चित्रं पडद्यावर दाखवली होती, एक पिवळ्या तांदळाचं आणि शेजारी केशरी रताळ्याचं. पहिल्याखालचा मजकूर वाचला होता. दुसऱ्याखालचा वाचायचा राहिला होता.

"जनुकीय बदल केलाय, काकी," मी म्हणालो. "गाजरातलं रंगाचं जनुक काढून यात घालतात. डोळ्याला उत्तम."

मला वाटलं, मी वहिनींची जाहिरातच केली. काकीने तोंडाजवळ नेलेली फोड खाली आणली.

"गाजार घातलंय?"

"गाजर नाही. गाजराचं जनुक."

"म्हंजी गाजराचंच न्हवं?"

"म्हणजे, तसं... हो."

"मग उपासाला न्हाई चालायचं गं बायांनो."

आमच्या गावात उपासाला गाजर चालत नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. बटाटा, मिरची, साबुदाणा, सगळं समुद्रापलीकडून आलेलं बिनदिक्कत चालतं. पण गाजर नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तरी मला त्यापेक्षा वेगळं, चांगलं, उपासाला चालणारं एकही जनुक सुचलं नाही.

"रताळं म्हणून घ्यायचं आन् पोटात गाजार," एक बाई म्हणाली. "आमच्या सासूबाईंचे सोळा सोमवार वाया घालवायचे व्हय?"

बायका हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "भावजी, तुमाला नक्की ठावं हाय का?"

माझ्यासाठी त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी ते स्वतःच्या हाताने लावलं. "वहिनी, मी विज्ञानाचा शिक्षक आहे," असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गावाने वडूजच्या बाजारातली पांढरी रताळी खाल्ली. वहिनींनी विकायला भरलेली पोती घरीच पडून राहिली. त्यांतलं एक माझ्या दारात आलं. मग आमच्या घरी रताळ्याची भाजी, रताळ्याच्या घाऱ्या, रताळ्याचं थालीपीठ सुरू झालं. आठवडाभरानंतर मी ताट थोडं सरकवलं तेव्हा बायको म्हणाली, "खा की. गाजर वेगळं आणायला लागत नाही, दोन्ही एकातच आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला शिक्षकांचं शिबिर होतं. तिथे याच विषयावर बोलायचं निमंत्रण मला आलं. सांगलीचे शिक्षक प्रश्न विचारतात असं कुणीतरी घाबरवलं, म्हणून आयुष्यात प्रथमच मी भाषणाआधी नीट वाचलं. पिवळ्या तांदळात खरंच मक्याचं आणि मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. तो प्रयोगशाळेत झाला, पण आपल्याकडे शेतात आलेला नाही. केशरी रताळं मात्र तसं नाही. रताळ्याच्या जातींत केशरी गराच्या जाती आहेतच. त्यांचा नेहमीच्या पद्धतीने संकर करून, निवडून निवडून हे वाण तयार करतात. गाजर त्याच्या आसपासही फिरकलेलं नव्हतं.

हे सगळं मी वाचलं. आणि मी काय केलं? सांगलीला जाऊन दीडशे अनोळखी शिक्षकांसमोर ही चूक भरल्या आवाजात कबूल केली. जनुक बदललेलं पीक चांगलं की वाईट, हा वाद तज्ज्ञ घालतील, म्हणालो. पण बी कसंही तयार होवो, शेवटी ते कुणाच्या तरी ताटात पडावं लागतं, आणि एका ताटातून ते मी काढून घेतलं. टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे पुसले. परतीच्या एसटीत विट्यापर्यंत मी स्वतःवर खूश होतो. विट्याला चहा पिताना लक्षात आलं की ज्या जिल्ह्यात चूक केली तो जिल्हा सोडून मी शेजारच्या जिल्ह्यात माफी मागून आलोय.

त्याच संध्याकाळी वहिनींकडे गेलो. त्या परसात होत्या. धुण्याच्या दगडापलीकडे, सांडपाण्यावर त्यांनी रताळ्याचे वेल जगवले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाजर नाही, जनुक नाही, काही नाही. त्या वेलाची पिवळी पानं खुडत ऐकत राहिल्या.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "परशिक्षणात सांगितलं व्हतं, ही साधी जात हाय म्हणून."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी इज्ञानाचं शिक्षक."

 मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा."

"मला सांगून काय उपेग? मी खातेच की. जितं बोललासा तितं बोला. एकादशीला गटाची मीटिंग हाय देवळात. औंदा वेल लावायचं का न्हाई, ते बाया तवाच ठरवणार. न्हाई म्हणाल्या तर ह्ये उपटून म्हशीला घालायचं."

एकादशीला मी वहिनींबरोबर देवळाकडे निघालो. खिशात चार पानांचं निवेदन होतं. वाटेत माझ्या सदसद्विवेकाने पुन्हा डोकं वर काढलं.

"वहिनी, अजून एक गोष्ट आहे. वाचताना कळलं. रताळ्यात, म्हणजे पांढऱ्यासुद्धा, प्रत्येक रताळ्यात मातीतल्या एका जिवाणूची जनुकं आहेत. माणसाने नाही घातली. फार पूर्वी आपोआप शिरली. खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं."

वहिनी थांबल्या. "म्हंजी काकींचं आजवरचं समदं उपास मोडलं म्हणा की."

"तसा अर्थ कुणी काढलाच तर..."

"भावजी, त्यवढं घरी ठेवा."

देवळात सगळ्या बायका होत्या. काकी खांबाला टेकून बसली होती. मी चार पानं काढली, चष्मा लावला आणि 'उपस्थित माता-भगिनींनो' अशी सुरुवात केली. जीवनसत्त्वांची कमतरता ही एक जागतिक समस्या असून, इथपर्यंत पोचलो.

"मास्तर," काकी म्हणाली, "उन्हं उतरायला लागली. चालतंय का न्हाई, त्यवढं सांग."

मी पानं घडी करून खिशात घातली. वहिनी मागे, देवळाच्या चौकटीला हात टेकून उभ्या होत्या.

"चालतं," मी म्हणालो. "त्यात गाजराचं काही नाही. ती रताळ्याचीच जात आहे. हे वहिनींना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं, तरी बोललो मीच. काकी, तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला माहीत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. वहिनींचं वर्षाचं पीक माझ्या तोंडामुळे कुणी खाल्लं नाही. वहिनी, या सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं. मला माफ करा."